शब्दांची शाळा : डॉन लोरेंझो मिलानी
(द्वितीय वर्ष, कला)

इटलीत पाद्र्याच्या नावाआधी ‘डॉन’ लावण्याची रीत आहे. आपल्याकडे हिंदी चित्रपटांनी या शब्दाची जी गत करून ठेवली आहे ती पाहता, मी वार्षिकासाठी डॉन लोरेंझो मिलानी यांच्यावर लेख लिहिते आहे असे सांगताच मैत्रिणींना हसू फुटले, यात नवल नाही. पण हे डॉन म्हणजे डोंगरातल्या एका उजाड वस्तीवर मेंढपाळांच्या आणि शेतमजुरांच्या मुलांना शब्दांचे अर्थ शिकवीत बसलेले गृहस्थ होते. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी ते वारले तेव्हा त्यांच्यावरचा एक फौजदारी खटला अपिलात पडून होता. गुन्हा कोणता, तर एक पत्र लिहिल्याचा.

त्यांची आणि माझी गाठ ग्रंथालयात पडली. त्यांच्या शाळेतल्या आठ मुलांनी मिळून लिहिलेले एक पुस्तक मराठीत ‘प्रिय बाई’ या नावाने आले आहे. आमच्या सरांनी ते माझ्या हाती दिले आणि परत देताना दोन शब्द बोलायचे अशी अट घातली. ते दोन शब्द बोलता बोलता वाढले आणि त्यांचा हा लेख झाला.

मिलानी यांचा जन्म २७ मे १९२३ रोजी फ्लॉरेन्स शहरात झाला. घर सधन, जमीनजुमला असलेले आणि विद्वानांचे. पणजोबा डोमेनिको कोम्पारेत्ती हे प्राचीन भाषांचे नामांकित पंडित, आजोबा पुराणवस्तूंचे अभ्यासक. आई आलिचे ही त्रिएस्ते गावच्या ज्यू घराण्यातली. घरात धर्माचे वातावरण जवळजवळ नव्हतेच. मुसोलिनीच्या राजवटीत ज्यूंवर संकट येणार अशी चिन्हे दिसू लागली, तेव्हा १९३३ मध्ये आईबापांनी मुलांना बाप्तिस्मा देऊन घेतला. त्या बाप्तिस्म्यात श्रद्धेपेक्षा सावधगिरीच अधिक होती. लोरेंझो शाळेत फारसे चमकले नाहीत. पुढे चित्रकला शिकू लागले, आणि १९४३ साली, विसाव्या वर्षी, एकाएकी पाद्री व्हायचे ठरवून सेमिनरीत दाखल झाले. घरच्यांना हे पचले नाही. या बदलाची कारणे चरित्रकार अजून शोधीत असतात. मला त्यात फार गती नाही. मला रस आहे तो जुलै १९४७ मध्ये दीक्षा मिळाल्यानंतर त्यांनी जे केले त्यात.

त्यांची नेमणूक फ्लॉरेन्सजवळच्या सान दोनातो येथे, एका वृद्ध पाद्र्याचे साहाय्यक म्हणून झाली. गाव कामगारांचे आणि शेतकऱ्यांचे. युद्ध नुकतेच संपलेले, १ जानेवारी १९४८ पासून इटलीची नवी राज्यघटना अमलात आलेली, आणि गावोगाव चर्चवाले व कम्युनिस्ट असे दोन तट पडलेले. तरुण पाद्र्याने प्रवचने सुरू केली. थोड्याच दिवसांत त्यांच्या ध्यानात आले की आपले बोलणे या माणसांपर्यंत पोचतच नाही. ही माणसे मठ्ठ नव्हती. आपल्या कामातले हजार बारकावे त्यांना ठाऊक होते. मात्र पुस्तकी इटालियन भाषेतले शब्द त्यांच्याजवळ नव्हते. वकील बोलला, मालक बोलला, पुढारी बोलला की ती गप्प राहत. गरीब आणि श्रीमंत यांच्यातले मोठे अंतर पैशाचे नसून शब्दांचे आहे, हे मत मिलानींनी इथे बांधले आणि पुढे कधी सोडले नाही.

मग त्यांनी कामगार तरुणांसाठी रात्रीची शाळा काढली. कम्युनिस्ट घरांतल्या मुलांना परकेपणा वाटू नये म्हणून वर्गातल्या भिंतीवरचा क्रूस त्यांनी स्वतः उतरवला. दर शुक्रवारी बाहेरचा एखादा जाणकार यायचा, डॉक्टर, कायदेपंडित किंवा कुणीही, आणि मुले त्याला प्रश्न विचारून भंडावून सोडायची. पाद्र्याने क्रूस उतरवावा आणि मुलांना चर्चच्या पक्षाचे गोडवे शिकवू नयेत, हे वरिष्ठांना मानवणारे नव्हते. वृद्ध पाद्री १९५४ मध्ये वारले. गावाची गादी मिलानींकडे यायची, ती आली नाही. डिसेंबर १९५४ मध्ये त्यांना बार्बियाना येथे धाडण्यात आले.

बार्बियाना हे खरे म्हणजे गावच नव्हे. मुजेल्लो भागातल्या डोंगरउतारावर एक चर्च आणि रानात विखुरलेली थोडी घरे. गाडीरस्ता नाही, वीज नाही, नळ नाही. आपल्याकडे एखाद्या साहेबाची गैरसोयीच्या ठिकाणी बदली झाली की तो पहिल्या दिवसापासून परतीच्या खटपटीला लागतो. मिलानी पोचल्यावर लगेच खालच्या विक्कियो गावी गेले आणि बार्बियानाच्या दफनभूमीत त्यांनी स्वतःसाठी जागा विकत घेतली. तेव्हा त्यांचे वय एकतीस होते.

त्या काळी इटलीत पाच वर्षांच्या प्राथमिक शाळेनंतर मुलांची वाट फुटत असे. लॅटिन शिकवणारी माध्यमिक शाळा वरच्या वर्गाच्या मुलांची, आणि कामधंद्याच्या तयारीची शाळा उरलेल्यांची. बार्बियानाच्या मुलांना दोन्ही वाटा बंदच होत्या, कारण प्राथमिक संपली की मेंढरामागे जायचे. मिलानींनी १९५६ मध्ये सहा मुलांना घेऊन चर्चच्याच खोलीत पुढची शाळा सुरू केली. ही शाळा सकाळी भरे ती संध्याकाळपर्यंत चाले. रविवारी प्रार्थनेनंतरही शाळा, नाताळातही शाळा. वर्षाचे ३६५ दिवस. घंटा नाही, गुण नाहीत, नापास नाही. टेबले, कपाटे मुलांनीच केली. ज्याला धडा कळला तो न कळलेल्याला शिकवी, आणि ज्याला सर्वांत कमी येते त्याच्यासाठी वर्ग थांबे. पुढच्यांनी वाट पाहायची. मला ही एकच गोष्ट आठवडाभर अस्वस्थ करीत राहिली, कारण मी ज्या वर्गांत शिकले तिथे गाडी नेहमी पुढच्या बाकांना घेऊन सुटायची.

या शाळेचे मुख्य पाठ्यपुस्तक म्हणजे रोजचे वर्तमानपत्र. मोठ्या टेबलाभोवती सगळे बसत आणि एक जण मोठ्याने वाची. अनोळखी शब्द आला की वाचन थांबे. मग त्या शब्दाची व्युत्पत्ती, त्याचे भाऊबंद शब्द, तो कोण कुणासाठी वापरतो, त्याने कुणाचा फायदा होतो, इथपर्यंत चर्चा जाई. एका बातमीला अर्धा दिवस लागला तरी कुणाची तक्रार नसे. संपाची बातमी असेल तर मजुरीचा करार समजून घ्यायचा; निवडणुकीची असेल तर घटना उघडायची; आफ्रिकेतला एखादा देश स्वतंत्र झाला तर भिंतीवर त्याचा नकाशा मुलांनीच काढायचा. भूगोल, गणित, इतिहास, राज्यव्यवहार हे सगळे त्या एका शब्दाच्या दारातून आत येई. पाहुणा आला तर त्याचीही सुटका नव्हती. मुले त्याच्यासमोर बसून तो काय काम करतो, का करतो, किती पैसे मिळतात हे विचारीत. मोठमोठ्या विद्वानांना तिथे घाम फुटत असे म्हणतात.

इथे एक तारीख सांगितली पाहिजे. इटलीच्या सरकारने १९५८ मध्ये शाळांतून नागरिकशास्त्र सुरू केले, ते इतिहासाच्या शिक्षकाकडे सोपवून, महिन्याला २ तास. बार्बियानात त्याच सुमारास नागरिकशास्त्र नावाचा तासच नव्हता, कारण भाषेचा प्रत्येक तास नागरिकत्वाचाच होता. ज्याला कायद्याचे वाक्य वाचता येत नाही आणि आपले म्हणणे चार ओळींत मांडता येत नाही त्याला मतदानाचा हक्क असूनही तो अर्धाच नागरिक, असा त्यामागचा विचार होता.

हे वाचताना मला आमच्या शाळेतले ‘इतिहास व नागरिकशास्त्र’ आठवले. नागरिकशास्त्र पुस्तकाच्या मागच्या बाजूला. इतिहास संपेपर्यंत परीक्षा येई, आणि मागचे धडे घरी वाचा म्हणून सांगितले जाई. उलट मराठीच्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच संविधानाची उद्देशिका छापलेली असते. दहा वर्षे ती मी पाहिली. ‘सार्वभौम’ म्हणजे काय, ‘गणराज्य’ आणि ‘राज्य’ यांत फरक कोणता, ‘दर्जाची समानता’ वेगळी आणि ‘संधीची समानता’ वेगळी कशी, यावर मराठीच्या तासाला कुणी थांबल्याचे मला स्मरत नाही. दोष एकट्या शिक्षकांचा नाही. ते पान परीक्षेला नव्हते. दहावीला मला मराठीत चौऱ्याऐंशी गुण पडले. त्याच उन्हाळ्यात वडिलांच्या नावे कर्जाची एक नोटीस आली. आमच्या घरात दहावीपर्यंत पोचलेली मीच पहिली, तेव्हा ती वाचण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले. ‘सदरहू’, ‘उपरोक्त’, ‘कसूर केल्यास’, ‘तारण मालमत्ता’... अक्षर न् अक्षर वाचता येत होते आणि आपण नेमके काय करायचे ते कळत नव्हते. वडील माझ्या तोंडाकडे पाहत होते. ती नोटीस मराठीतच होती, हे आवर्जून नोंदवते.

मिलानींच्या मुलांना ‘सदरहू’ अडले नसते. त्यांच्याकडे असली कागदपत्रे टेबलावर येतच. पुढे लिहिलेल्या पुस्तकात मुलांनी शहरी शाळेला हाच जाब विचारला आहे की होमरचे जुनाट, जड भाषेतले भाषांतर पाठ करून घेता, आणि लक्षावधी कुटुंबांचे पोट ज्यावर चालते तो धातुकामगारांचा मजुरीकरार वर्गात कधी उघडीत नाही. माझ्यासारख्या साहित्याच्या विद्यार्थिनीला हे थोडे झोंबते. होमर नको असे मला म्हणवत नाही. ज्ञानेश्वरी नको असेही म्हणवणार नाही. पण करार वाचता येत नसलेल्याला होमर शिकवला, हा त्यांचा आक्षेप खोडून काढणे मला तरी जमलेले नाही.

परक्या भाषांबद्दलही त्यांचा आग्रह असाच होता. ध्वनिमुद्रिका लावून मुले फ्रेंच, इंग्रजी, जर्मन शिकत, आणि सोळा-सतरा वर्षांची झाली की त्यांना काम करायला परदेशी धाडले जाई. मेंढपाळाचा पोरगा इंग्लंडात जाऊन मजुरी करी आणि तिथल्या कामगारांची हकीकत पत्रांनी शाळेला कळवी. ती पत्रे वर्गात वाचली जात. व्याकरणाच्या चुका काढून वही लाल करण्यापेक्षा, आपल्यासारखी माणसे दुसऱ्या देशातही आहेत हे मुलांना समजावे, यासाठी ही खटपट होती.

लिहिण्याची त्यांची पद्धत मात्र मला सर्वांत नवी वाटली. शिक्षक मारिओ लोदी १९६३ मध्ये बार्बियानाला येऊन गेले. त्यांच्या शाळेतली मुले मिळून लेखन करीत आणि दुसऱ्या शाळांशी पत्रव्यवहार ठेवीत. मिलानींनी ते उचलले आणि त्याची चक्क एक कारागिरी बनवली. प्रत्येकाने खिशात वही ठेवायची. सुचेल ते टिपायचे. मग एक विचार एका चिठ्ठीवर, कागदाच्या एकाच बाजूला. साऱ्या चिठ्ठ्या टेबलावर पसरायच्या, दुबार आलेल्या काढून टाकायच्या, एका जातीच्या एकत्र करायच्या. त्यांची प्रकरणे होतात. मग प्रकरणातल्या चिठ्ठ्यांचा क्रम लावायचा. त्यांचे परिच्छेद होतात. यानंतर खरे काम सुरू होई ते खोडण्याचे. नको असलेला शब्द, दोनदा आलेला शब्द, अवघड शब्द, लांबलेले वाक्य, सगळे छाटायचे. शेवटी बाहेरचा माणूस बोलावून त्याला वाचून दाखवायचे, आणि तो फार शिकलेला नसेल तर उत्तम. त्याला जे कळले नाही ते पुन्हा लिहायचे. आपल्याकडे निबंधात जितके अलंकार तितके गुण, तिथे उलटे. पंधरा जणांनी एका वाक्यावर तासभर भांडावे आणि मग ते सर्वांनी आपले मानावे, याहून चांगला ग्रामसभेचा सराव कोणता असेल?

या लेखनकलेची परीक्षा लवकरच झाली, आणि ती न्यायालयात. लष्करी सेवेतून निवृत्त झालेल्या पाद्र्यांच्या एका गटाने फेब्रुवारी १९६५ मध्ये एक निवेदन प्रसिद्ध केले. सद्सद्विवेकाला स्मरून सैन्यात जायला नकार देणारे तरुण म्हणजे भित्रे आणि देशाचा अपमान करणारे, असा त्याचा सूर होता. असे तरुण त्या वेळी इटलीच्या तुरुंगांत होते. बातमी नेहमीप्रमाणे टेबलावर वाचली गेली. मिलानी आणि मुले इतिहासाची पुस्तके घेऊन बसली. इटलीने शंभर वर्षांत केलेली युद्धे त्यांनी एकेक करून तपासली आणि राज्यघटनेच्या कसोटीवर त्यांतले न्याय्य कोणते ते शोधले. मिलानींच्या सहीचे उत्तर एका कम्युनिस्ट साप्ताहिकात छापून आले. लगेच तक्रारी झाल्या आणि मिलानी व संपादक या दोघांवर गुन्ह्याचे समर्थन केल्याचा खटला रोममध्ये उभा राहिला. मिलानींना तोवर लसीका ग्रंथींचा असाध्य रोग जडला होता; रोमला जाणे शक्य नव्हते. ऑक्टोबर १९६५ मध्ये त्यांनी न्यायाधीशांना एक दीर्घ पत्र लिहून आपला बचाव केला. त्यात ते शिक्षक म्हणूनच बोलतात. न्यायाधीशाचे काम आजचा कायदा लावण्याचे; शिक्षकाला मात्र मुलांना आजचा कायदा पाळायलाही शिकवायचे असते आणि उद्याचा अधिक न्याय्य कायदा हवासा वाटायलाही शिकवायचे असते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. १५ फेब्रुवारी १९६६ रोजी दोघे निर्दोष सुटले. सरकार पक्षाने अपील केले. त्याचा निकाल १९६८ मध्ये लागला तेव्हा मिलानी हयात नव्हते. संपादकाला मात्र शिक्षा झाली. सैन्यसेवेला विवेकाने नकार देण्याचा हक्क इटलीच्या संसदेने डिसेंबर १९७२ मध्ये कायद्याने मान्य केला.

दरम्यान बार्बियानाची दोन मुले शिक्षक होण्यासाठी शहरातल्या अध्यापन विद्यालयात गेली आणि नापास झाली. शाळेने त्या अपयशाचाच अभ्यास करायला घेतला. देशभरातले आकडे गोळा झाले. पहिलीत आलेल्या मुलांपैकी कोणत्या इयत्तेला किती गळतात आणि ती कुणाची असतात याचे आलेख काढले गेले. उत्तर आले ते असे, की गळणारी बहुतेक शेतकऱ्यांची आणि मजुरांची. आठ मुलांनी नापास करणाऱ्या बाईंना उद्देशून जे पत्र लिहिले तेच हे पुस्तक. मे १९६७ मध्ये ते निघाले. त्यांच्या मागण्या तीन : नापास करू नका; जी मागे पडतात त्यांना दिवसभराची शाळा द्या; आणि ज्यांचे मन लागत नाही त्यांना शिकण्याचे कारण द्या.

आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास करणे बंद केले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीला त्याची मुभा राज्यांना पुन्हा दिली. मी ‘ढकलपास’ म्हणून हिणवल्या गेलेल्या वर्षांतलीच विद्यार्थिनी आहे. आमच्या वस्तीवरची बरीच घरे दिवाळीनंतर ऊसतोडीला जात. मुले चार-पाच महिने गायब असत आणि उन्हाळ्यात परत येऊन पास होत. त्यांना पास केले हे वाईट झाले असे मला वाटत नाही. परत आल्यावर त्यांना दिवसभर बसवून शिकवणारे कुणी नव्हते, हे वाईट झाले. बार्बियानाच्या तीन मागण्यांपैकी आपण पहिली घेतली, कारण तिला पैसे लागत नाहीत.

मिलानींचे सगळेच मला पटते असे नाही. ते फार कडक होते, प्रसंगी हातही उगारीत. खेळ आणि नाचगाणे हा त्यांना वेळेचा अपव्यय वाटे. तीसपस्तीस मुलांची, अभ्यासक्रम नसलेली, एका माणसाच्या ध्यासावर चालणारी शाळा आणि साठ मुलांचा सरकारी वर्ग यांची तुलना करून शिक्षकांना झोडपणे न्यायाचे नव्हे. आमच्या सरांचे हे म्हणणे मला मान्य आहे. शिवाय त्या शाळेत मुली फार थोड्या होत्या. डोंगरवाट लांब, आणि मुलीला शिकून काय करायचे हा आईबापांचा प्रश्न तिथेही होता. पुस्तक लिहिणाऱ्या मुलांनी हे लपवलेले नाही, पण त्यावर ते थांबतही नाहीत, दोन वाक्यांत पुढे जातात. ज्याला कमी येते त्याच्यासाठी थांबणाऱ्या शाळेने जी दारापर्यंतच येऊ शकली नाही तिच्यासाठी किती थांबावे, हे मला त्या टेबलावर बसून विचारायला आवडले असते.

चर्चने त्यांना अखेरपर्यंत दूरच ठेवले. पाद्र्याच्या कामाविषयीचे त्यांचे पुस्तक १९५८ मध्ये निघाले आणि त्याच वर्षी डिसेंबरात चर्चच्या वरिष्ठ खात्याने ते विक्रीतून काढायला लावले. तो हुकूम २०१४ मध्ये मागे घेण्यात आला. २० जून २०१७ रोजी पोप फ्रान्सिस स्वतः बार्बियानाला जाऊन त्यांच्या थडग्यापाशी उभे राहिले. एकतिसाव्या वर्षी विकत घेतलेली ती जागा.

मिलानी २६ जून १९६७ रोजी फ्लॉरेन्समध्ये आईच्या घरी वारले. मुलांचे पुस्तक निघून तेव्हा जेमतेम महिना झाला होता. पुढच्याच वर्षी युरोपभर विद्यार्थ्यांची आंदोलने पेटली आणि इटलीतल्या विद्यार्थ्यांच्या हातात ते पुस्तक होते. बार्बियानाची शाळा त्यांच्यामागे फार दिवस टिकली नाही. मुले मात्र पांगली ती निरनिराळ्या कामांत, कित्येक जण कामगार संघटनांत. त्यांच्यातले मिकेले जेसुआल्दी १९९५ ते २००४ या काळात फ्लॉरेन्स प्रांताचे अध्यक्ष होते. इटलीने २०१९ मध्ये नागरिकशास्त्राचा नवा कायदा केला. त्यानुसार २०२० पासून तिथे वर्षाला निदान ३३ तास या विषयाला द्यावे लागतात, आणि ते एकट्या इतिहासाच्या शिक्षकाकडे न ठेवता सर्व विषयांच्या शिक्षकांनी वाटून घ्यायचे असतात. त्यांत भाषेचे शिक्षकही आले.